औषध म्हणू नका, विष म्हणा

(नाशिक येथील जिल्हा मेळाव्यात कोरडवाहू कापूस व ज्वारी उत्पादकांपुढे केलेले भाषण)



मालेगाव, नांदगाव, येवला, सिन्नर या कोरडवाहू पट्ट्यातून सकाळची पहिली एसटी धरून तुम्ही आलात. कापसाच्या भावावर, पीकविम्यावर, विजेवर माझ्याआधीच्या वक्त्यांनी बोलून झाले आहे. मला दिलेला विषय शेतातला कमी आणि घरातला जास्त आहे. म्हणून सुरुवातीलाच एक प्रश्न विचारतो, हात वर करून उत्तर द्या. फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा किंवा कॅन धुऊन ज्यांच्या घरात कशाला ना कशाला वापरला जातो, मग ते पाणी असो, रॉकेल असो, गोडेतेल असो की बियाणे असो, त्यांनी हात वर करावा.

पुरुषांच्या बाजूला चार-सहा हात दिसतात. बायकांच्या बाजूला जवळजवळ सगळे हात वर आहेत. म्हणजे एक गोष्ट स्पष्ट झाली. औषध कोण आणतो हे पुरुषाला माहीत असते, डबा कुठे जातो हे फक्त बाईला माहीत असते.

तुम्ही पाहिले असेल, मीही हात वर केला आहे.

माझ्या घरचा कॅन

कृषीची पदवी घेतल्यावर चार वर्षे मी एका कीटकनाशक कंपनीत फिरतीची नोकरी केली. गावोगाव जाऊन कपाशीवर काय मारायचे ते सांगायचो. गावी जाताना पाच लिटरचे रिकामे कॅन घेऊन जायचो. जाड प्लास्टिक, घट्ट झाकण, धरायला मूठ. आई तो राखेने घासायची, तीन पाण्यांनी धुवायची, दोन दिवस उन्हात पालथा घालायची. मग त्यातून शेतात पिण्याचे पाणी जायचे. निंदणीच्या बाया त्याच पाण्याने घसा ओला करायच्या.

प्लास्टिकमध्ये विष मुरते, कितीही धुतले तरी तो डबा अन्नपाण्याला चालत नाही, हे मला कॉलेजात शिकवले होते. परीक्षेत त्यावर मार्कही मिळवले होते. तरी मी आईला एका शब्दाने बोललो नाही. कारण कॅन चांगला होता आणि बाजारात तसाच विकत घ्यायचा तर पैसे पडले असते. त्या पाण्याने कुणाला काय झाले, काही झाले की नाही, हे मला आज सांगता येणार नाही. आईला डोकेदुखी होती. डोकेदुखी कुणाला नसते? या विषाची गंमत हीच आहे, मंडळी. ते एका दिवसात मारते तेव्हा पोलीस येतात. वीस वर्षांत मारते तेव्हा कुणी येत नाही.

एका दिवसात मारते तेव्हा काय होते, तेही ऐका. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात धर्मासती गंडामन या गावच्या शाळेत पोरे दुपारचे जेवण जेवली. ज्या तेलात स्वयंपाक झाला त्यात मोनोक्रोटोफॉस होते. २३ लेकरे गेली. तुमच्या-माझ्या कपाशीवर वर्षानुवर्षे मारलेले तेच मोनोक्रोटोफॉस. ते शाळेच्या स्वयंपाकघरात पोहोचायला मोठे कारस्थान लागले नाही. शेतातला डबा आणि घरातला डबा यांच्यामध्ये भिंत नव्हती, एवढेच पुरेसे झाले.

एका शब्दाने केलेला घात

आपण या वस्तूला औषध म्हणतो. कपाशीचे औषध, ढेकणाचे औषध, उंदराचे औषध, ज्वारीत टाकायचे औषध. पोराच्या खोकल्याचेही औषधच. एकाच फळीवर दोन्ही बाटल्या, दोन्हींना नाव एकच. दुकानाच्या पाटीवर ‘बी-बियाणे, खते व औषधे’. कंपनीच्या कागदावर तर आणखी गोड नाव, ‘पीक संरक्षण’. ज्याला औषध म्हटले त्याची भीती कशी वाटणार? औषध उघड्या हाताने कालवले तर काय बिघडते? थोडे जास्त पडले तर गुण जास्तच येईल, असे वाटणार की नाही?

मी फवारणी बंद करा म्हणायला आलेलो नाही. बोंडअळी दारात उभी असताना असा सल्ला देणारा एक तर शहरात राहतो, नाहीतर त्याच्याकडे कपाशी नाही. फवारायचे तेव्हा फवारा. पण तोंडाने विष म्हणा. ‘आज विष मारायचंय’ असे म्हणून घरातून निघणारा माणूस सदऱ्याच्या बाह्या खाली करतो. ‘औषध मारायचंय’ म्हणणारा त्या वर सारतो.

डब्यावरचा त्रिकोण

डब्यावर चौकोन काढून त्यात एक रंगीत त्रिकोण छापलेला असतो. लाल म्हणजे अतिशय जहाल, त्यावर कवटी आणि हाडांची खूण असते. त्याखालोखाल पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा पाहून पुष्कळांना वाटते की हे सुरक्षित, झाडपाल्याचे. तसे नाही. हिरवा म्हणजे त्या चौघांत कमी विषारी. विष तेही आहेच.

हा त्रिकोण कुठून आला त्याचाही इतिहास आहे. १९५८ साली केरळात आणि त्या वेळच्या मद्रास राज्यात अन्नातून विषबाधा होऊन शंभरावर माणसे मेली. पॅराथिऑन, म्हणजे म्हाताऱ्या माणसांना आठवत असेल ते फॉलिडॉल, वाहतुकीत खाण्याच्या मालाला लागले होते. चौकशी झाली, अहवाल आला आणि दहा वर्षांनी, १९६८ साली, कीटकनाशक कायदा झाला. त्याचे नियम १९७१ चे. म्हणजे हा कायदा पिकासाठी जन्मलाच नाही, खाणाऱ्याच्या जिवासाठी जन्मला. डासांची कॉइल, झुरळाचा खडू, ढेकणाचे विष यांची नोंदणीही याच कायद्याखाली होते. कॉइलमध्ये आणि खडूत जे असते त्याची जात आणि कपाशीवरच्या सायपरमेथ्रिनची जात एकच, पायरेथ्रॉइड. मात्रा वेगळी, भाऊबंद तेच. दार-खिडकी बंद करून तान्ह्या पोराच्या उशाशी रात्रभर कॉइल लावणे ही घरातली फवारणीच आहे, हे ध्यानात ठेवा.

दवाखान्यात काय विचारतात

आता दुसरी गोष्ट, तीही माझ्याच शेतातली. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्याकडे रोजाने फवारायला येणारा पोरगा संध्याकाळी बांधावर बसला तो उठेना. घामाने चिंब, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या सुईच्या टोकाएवढ्या. मी ओळखले. गाडीवर घालून तालुक्याच्या गावी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय मारत होता?” मला नाव सांगता येईना. दोन डब्यांतले मिसळून मारत होतो, डबे बांधावर पडलेले, एकाचे लेबल निघून गेलेले, दुकानदाराने पावती दिलेली नाही, मी मागितलेली नाही. दुसरा प्रश्न पोलिसांचा, “पिऊन आला का?” त्यांनाही काय बोलणार? त्यांच्याकडे येणारी विषाची प्रकरणे बहुतेक तशीच असतात. पोरगा वाचला. डॉक्टरांनी लक्षणांवरून अ‍ॅट्रोपिन चालू केले म्हणून वाचला. केसपेपरवर मात्र लिहिले, ‘विषबाधा’. फवारताना झाली, कशाने झाली, कुणाच्या शेतात झाली, काही नाही.

कायद्यात याची सोय नाही का? आहे. १९६८ च्या कायद्यातले २६ वे कलम सांगते की कीटकनाशक वापरताना किंवा हाताळताना झालेली प्रत्येक विषबाधा ठरलेल्या अधिकाऱ्याला कळवावी, असे बंधन राज्य सरकार अधिसूचना काढून घालू शकते. नियमांत फवारणाऱ्याच्या वैद्यकीय तपासणीचे, संरक्षक कपड्यांचे, उताऱ्याच्या औषधांचे, रिकामे डबे नष्ट करण्याचे कलम आहे. विक्रीची पावती देण्याचेही आहे. कागदावर आपण सुरक्षित आहोत, भावांनो. फक्त शेत कागदावर नाही.

साठ दिवसांची बंदी

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते तुम्ही पेपरात वाचले. कपाशी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमट उकाडा, पाऊस उघडला की सगळ्यांची एकदम फवारणी. झाड माणसापेक्षा उंच झाले की नळी वर धरून मारावे लागते आणि तुषार तोंडावरच येतो. दोन-दोन, तीन-तीन विषे एकत्र कालवलेली. वीसहून अधिक माणसे एकट्या त्या जिल्ह्यात गेली, शेकडो जण दवाखान्यात पडले. कित्येकांची नजर अधू झाली. मरणारे बहुतेक शेतमजूर आणि लहान शेतकरी होते.

राज्य सरकारने विशेष चौकशी पथक नेमले आणि पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर बंदी घातली. किती दिवस? साठ. साठच का? कारण कायद्याच्या २७ व्या कलमाने राज्याला सुरुवातीला तेवढाच अधिकार दिला आहे. तात्पुरती बंदी, चौकशी होईपर्यंत. कायमची बंदी घालायची तर दिल्लीने घालायची. म्हणजे माणूस मरणार यवतमाळात, उपाय होणार दिल्लीत, आणि मधल्या काळात हंगाम संपणार.

दिल्लीत काम कसे चालते तेही पाहा. मे २०२० मध्ये केंद्राने २७ कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा मसुदा काढला. हरकती मागवल्या, समिती बसली. २०२३ मध्ये आदेश निघाला तेव्हा त्या यादीतल्या तिघांवरच संपूर्ण बंदी आली, डायकोफॉल, डिनोकॅप आणि मेथोमिल. मोनोक्रोटोफॉसचे आपल्याकडे खपणारे ३६ टक्क्यांचे द्रावणही बंद करायचे ठरले. भाजीपाल्यावर त्याला २००५ सालीच बंदी होती. पण दुकानात बाटली एकच, ती कपाशीला जाते की वांग्याला, हे विचारायला कोण बसला होता? आणि आजही घराघरांच्या माळ्यावर जुनी अर्धी बाटली पडलेली असेल. सरकारी बंदी माळ्यापर्यंत चढत नाही.

कोणाच्या जिवाची काय किंमत

आता मी तीन प्रसंग शेजारी शेजारी ठेवतो. निष्कर्ष तुम्ही काढा.

पहिला २००३ सालचा. दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने बाटलीबंद थंड पेयांत कीटकनाशकांचे अवशेष सापडल्याचे जाहीर केले. देशभर गदारोळ. संसदेने संयुक्त समिती नेमली, अध्यक्ष शरद पवार. काही महिन्यांत, फेब्रुवारी २००४ मध्ये, अहवाल आला आणि पेयांत अवशेष आहेत हे समितीने मान्य केले. चांगले झाले. पिणाऱ्याच्या पोटात विष जाता कामा नये.

दुसरा आपल्या नाशिकचा, २०१० चा. युरोपला गेलेल्या द्राक्षांत सीसीसी, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइड, सापडले. वेलीची वाढ रोखायला ते वापरत होते. माल अडकला, परतला, बागाईतदार कर्जात बुडाले. निर्यातीआधीच्या आपल्या तपासणीच्या यादीत ते रसायन नव्हतेच. पुढे तपासणी कडक झाली. आज निर्यातीच्या बागेची नोंद असते, नमुना प्रयोगशाळेत जातो, अहवाल आल्याशिवाय पेटी हलत नाही. का? कारण परदेशातल्या गिऱ्हाइकाच्या लेकराच्या तोंडात काय जाते याचा हिशेब तिथले सरकार मागते.

तिसरा यवतमाळचा. साठ दिवस.

बाटलीत अवशेष होते ते लिटरला मिलिग्रॅमच्याही काही भागात मोजायचे. द्राक्षातले किलोला तसेच. आणि आपला माणूस अंगभर भिजतो ते मोजायला कुणी मापच ठेवलेले नाही. मी त्या दोघांशी भांडत नाही. शहरातल्या गिऱ्हाइकाला स्वच्छ अन्न मिळायलाच पाहिजे. माझे म्हणणे एवढेच आहे की तो गिऱ्हाईक आणि हा मजूर एकाच विषाच्या दोन टोकांना उभे आहेत. इकडच्या टोकाला काळजी घेतली तर तिकडच्या टोकाला प्रयोगशाळेचे काम निम्मे होईल. केरळात कासरगोडच्या काजूबागांवर हवेतून एंडोसल्फान मारले गेले, त्याची फळे शेजारच्या वस्तीने पिढ्यान्‌पिढ्या भोगली. मे २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभर त्यावर बंदी आणली आणि जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला. हे आपोआप झाले नाही. तिथल्या लोकांनी गावोगाव नावे लिहून काढली म्हणून झाले. ज्याची नोंद नाही त्याला भरपाई नाही.

आपल्याच घरात

कापूस काही खात नाहीत, असे म्हणून कपाशीवर काहीही चालते असा समज आहे. मायबहिणींनो, तुम्ही सांगा. निंदताना कपाशीतला तांदुळजा, घोळ ओट्यात घालून घरी आणता की नाही? मधल्या ओळीतल्या चवळीच्या शेंगा, बांधावरची अंबाडी तोडता की नाही? काल त्याच ओळीवर पंप फिरला असेल तर ती भाजी शिजवून निर्विष होत नाही. सरकीची पेंड म्हशीला जाते, सरकीचे तेल कढईत जाते. कापूस पोटात जातोच, फक्त आडवाटेने जातो.

ज्वारीचे तसेच. आपले आजे-पणजे पेवात, कणगीत ज्वारी साठवायचे, राख लावायचे, कडुनिंबाचा पाला घालायचे. मग पोत्यांवर बीएचसीची पावडर आली. एकेकाळी घरोघरी होती, १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. आता सेल्फॉसची गोळी. ती गोळी हवेतल्या ओलाव्याने फॉस्फीन वायू सोडते आणि त्या वायूवर उतारा नाही. ती गोदामात, बंदिस्त करून, जाणकाराच्या हाताने वापरायची वस्तू आहे. आपण ती ज्वारीच्या कोठीत टाकतो आणि त्याच खोलीत पोरे झोपवतो. ज्वारी कडक उन्हात वाळवा, दाताखाली कट्‌कन फुटली पाहिजे. कोठी झाडून, उन्हाळून घ्या, पाला घाला. थोडे टोके लागतील. टोके लागलेली ज्वारी पाखडता येते.

पोळ्याचेही सांगतो. बैलांच्या शिंगांना पूर्वी हिंगूळ लावायचे. हिंगुळात पारा असतो, म्हणजे जुने ते सगळे निर्मळ असेही समजू नका. आता ऑइलपेंट लावतो, त्याच डब्यातून पाळणा आणि दरवाजा रंगवतो. रंगातले शिसे लहान पोरांच्या मेंदूला मारते. घरगुती रंगात शिसे दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नको, असा नियम सरकारने २०१६ मध्ये केला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू केला. रंग घेताना डब्यावर ते लिहिलेले आहे का एवढे वाचा. जुना, बिननावाचा, सुटा रंग पाळण्याला लावू नका.

काय मागायचे, काय करायचे

१९६८ च्या जागी नवा कायदा आणायची विधेयके २००८ आणि २०२० साली संसदेत मांडली गेली. नवा कायदा येईल तेव्हा येईल. आहे त्या कायद्यातूनच मिळण्याजोगे आपण आधी मागायचे. माझ्या चार मागण्या आहेत, मंजूर असतील तर ठरावात घाला.

एक, २६ व्या कलमाखाली फवारणीतल्या प्रत्येक विषबाधेची नोंद प्रत्येक दवाखान्याने, सरकारी असो की खाजगी, केलीच पाहिजे आणि तालुकावार आकडे दर हंगामाला जाहीर झाले पाहिजेत. दोन, ऑगस्ट ते ऑक्टोबर प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅट्रोपिनचा पुरेसा साठा आणि रक्तातले कोलिनेस्टरेज तपासायची सोय हवी. तीन, रिकामा डबा दुकानाने अनामत ठेवून परत घेतला पाहिजे. सोड्याची बाटली परत घेता येत होती, विषाची का येऊ नये? चार, माणसे मेली तर बंदी किती दिवस ठेवायची हे ठरवण्याचा अधिकार राज्याला हवा.

सरकार देईल तेव्हा देईल. घरचे आपल्या हातात आहे. पावतीशिवाय विष घेऊ नका. उधारीवर घेतो म्हणून दुकानदार जे देईल ते घेतो, ही आपली खरी अडचण आहे, मला ठाऊक आहे. निदान नाव तरी लिहून घ्या. दोन विषे मनाने कालवू नका. वाऱ्याच्या तोंडाला उभे राहून मारू नका. कपाशी डोक्यावर गेली की माणूस आत घालू नका. फवारताना डब्याबरोबरचा कागद खिशात ठेवा. काही झाले तर माणसाबरोबर तो कागद डॉक्टरकडे गेला पाहिजे. फवारणीचे कपडे घरच्या धुण्यात टाकू नका, आणि धुवायचे ते बाईनेच असे ठरवू नका. रोजंदारीच्या माणसाला हातमोजे आणि तोंडाला फडके देणे हा आपला उपकार नव्हे, आपले देणे आहे. मी ते दिले नव्हते. म्हणून एवढ्या जोराने सांगतो आहे.

आणि आज रात्री घरी पोहोचलात की भाकरी खाण्याआधी एक काम करा. कंदील म्हणा, बॅटरी म्हणा, घेऊन माळ्यावर चढा. स्वयंपाकघरात, गोठ्यात, बाजेखाली पाहा. जो डबा कधीकाळी विषाचा होता तो बाहेर काढा, खिळ्याने भोके पाडा म्हणजे पुन्हा कुणी भरणार नाही. जाळू नका, धूर तुमच्याच अंगावर येईल. विहिरीजवळ, नाल्यात टाकू नका. सगळ्या गावाचे एका पोत्यात भरा आणि पुढच्या तालुका बैठकीला घेऊन या. आपण ती पोती मोजू, आणि मोजून झाल्यावर कृषी अधिकाऱ्याच्या टेबलासमोर ठेवू. आपल्याकडे आकडा नाही, असे पुन्हा कुणी म्हणायला नको.

माझ्या घरचा तो कॅन गेल्या वर्षी मी आईच्या हातातून घेतला. ती म्हणाली, “इतकी वर्षं कुठं होतास?”

तिला देण्याजोगे उत्तर माझ्याजवळ नव्हते. तुमच्याजवळ असावे म्हणून हे भाषण.